ऑफिसचे संगणक आणि पावसाळा : मे महिन्यातली कामं

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा एसटीचं आगारही बुडालं. आगारातली रोकड वाचवण्यासाठी तिथले व्यवस्थापक बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिल्याची बातमी त्या वेळी वर्तमानपत्रांत आली होती. रोकड कशी जपायची हे आपल्या कार्यालयांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिजोरीची जागा ठरलेली असते, शिक्क्यांची ठरलेली असते, किल्ल्या कोणाकडे हेही ठरलेलं असतं. पण आज पतसंस्थेच्या सभासदांची खाती, दवाखान्यातल्या रुग्णांचे जुने रिपोर्ट, सी.ए.च्या अशिलांची विवरणपत्रं, दूध संस्थेचा लिटर-फॅटचा हिशेब हे सगळं पत्र्याच्या एका पेटीत असतं, आणि ती पेटी बहुतेक ठिकाणी टेबलाखाली फरशीला टेकलेली असते. पुराचं पहिलं पाणी तिलाच लागतं.

संगणक वाचवण्याची बहुतेक कामं संगणकात करायचीच नसतात. ती भिंतीतल्या वायरिंगमध्ये, मीटरशेजारच्या बोर्डात, अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात करायची असतात. त्यामुळे आधी वायरमन बोलवायचा, संगणकवाला नंतर. आणि हे सगळं मे महिन्यात, पहिला वळीव पडायच्या आत.

अर्थिंग

डेस्कटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या इमारतींतल्या ऑफिसांत नेहमीची. ‘थोडा करंट येतोच’ म्हणून ती सोडूनही दिली जाते. कृपया सोडू नका. संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात. लाइनमधून येणारी विजेची खळबळ ते अर्थच्या तारेत सोडून देतात. ती तार जमिनीपर्यंत पोचतच नसेल तर पेटीच्या पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दाब बसून राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या. पण प्रिंटरची वायर जोडताना किंवा लॅनची केबल खोचताना हाच दाब पोर्टमधून उतरतो आणि पोर्ट जातं, कधी मदरबोर्डही जातो. पोर्ट ‘आपोआप’ गेलेल्या ऑफिसांत पहिली शंका अर्थिंगची घ्यावी.

वायरमनला सांगायचं ते असं. ऑफिसातला प्रत्येक सॉकेट तपास. वरच्या मोठ्या भोकात अर्थची तार खरंच जोडलेली आहे का ते बघ. बल्ब लावून केलेली चाचणी पुरेशी नाही. बल्ब पेटला म्हणजे तार कुठेतरी जोडलेली आहे, एवढंच कळतं. जमीन किती चांगली धरते ते अर्थ टेस्टर सांगतो. संगणक असलेल्या ठिकाणी आकडा ५ ओहमच्या आत हवा, आणखी कमी आला तर उत्तम. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाबही मल्टिमीटरने बघून घ्या. तो दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक आहे. त्याहून बराच जास्त असेल तर न्यूट्रलचा जोड सैल आहे, किंवा अर्थिंगमध्ये खोट आहे.

ही मोजणी मेमध्येच करायची, कारण त्या वेळी जमीन सर्वांत कोरडी असते. पावसाळ्यात भिजलेल्या मातीत कुठलंही अर्थिंग चांगलं दिसतं. मराठवाडा-विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाभोवती पोकळी तयार होते. तिथे खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावं लागतं. कोकणातला जांभा तर मुळातच विजेला वाट देत नाही. तिथे एका खड्ड्यावर भागत नाही. दोन-तीन इलेक्ट्रोड अंतर ठेवून गाडायचे आणि एकमेकांना जोडायचे. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यातला पाइप मिठानेच गंजतो, म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वीचं अर्थिंग ‘आहे ना’ म्हणून गृहीत धरू नये.

इथे एक चूक बरीच जाणती माणसंही करतात. संगणकांसाठी ‘वेगळं, शुद्ध’ अर्थिंग करायचं आणि ते इमारतीच्या अर्थिंगला जोडायचं नाही. एरवी ते चालून जातं. पण जवळपास वीज पडली की दोन खड्ड्यांच्या मातीतला दाब वेगवेगळा होतो, आणि तो फरक भरून निघतो तुमच्या यंत्रांमधून. खड्डे वेगळे असू द्यात, पण एका जाड पट्टीने ते एकमेकांना जोडलेले हवेत.

तीन पिनांमधली वरची मोठी पिन कापून टाकलेले प्लग आणि तीनाचे दोन करणारे अडॅप्टर ऑफिसातून हद्दपार करा. अर्थिंगवर केलेला सगळा खर्च त्या एका अडॅप्टरपाशी वाया जातो.

न्यूट्रल तुटते तेव्हा

विजेमुळे संगणक जळाला की आपण आकाशातल्या विजेला दोष देतो. छोट्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत मात्र बऱ्याचदा खरं कारण खांबावरचं असतं. आपल्याला मिळणारी वीज २३० व्होल्टची. तीन फेजच्या लाइनमध्ये दोन फेजमधला दाब ४०० व्होल्टच्या आसपास. हा दाब नीट वाटून देण्याचं काम न्यूट्रलची तार करते. वाऱ्याने फांदी पडून किंवा गंजलेला जोड निसटून ती तुटली की ज्या फेजवर भार कमी त्याच्यावरचा दाब एकदम चढतो, तीनशेच्या वर, कधी त्याहूनही बराच. दिसायला ते असं दिसतं : अर्धे दिवे झगझगीत, अर्धे मंद, पंखा वेड्यासारखा फिरायला लागतो. असं दिसलं की काय झालं ते शोधत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि मग १९१२ वर तक्रार करा. सेकंद महत्त्वाचे असतात, म्हणून मेन स्विच कुठे आहे हे शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला माहीत हवं. त्याच्यापुढे कपाट किंवा जुन्या फायलींचे गठ्ठे नकोत.

एमसीबी हे थांबवेल असं समजू नका. एमसीबी प्रवाह वाढला की पडतो. दाब वाढला तर त्याला पत्ता लागत नाही. स्पाइक गार्डही इथे कामाचं नाही. त्यातला छोटा एमओव्ही हा भाग क्षणाच्या अगदी लहान तुकड्यापुरता उसळलेला दाब गिळण्यासाठी बनवलेला असतो. साडेतीनशे व्होल्ट मिनिटभर राहिले तर तो स्वतःच तापून जळतो. (बाजारातल्या स्वस्त एक्स्टेंशन बोर्डांवर ‘स्पाइक’ असं छापलेलं असतं आणि आत एमओव्ही नसतोच. त्या बोर्डाने फक्त सॉकेट वाढतात.) न्यूट्रलच्या धोक्यावर उपाय म्हणजे मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. दाब ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो ऑफिसची वीज तोडतो, आणि दाब स्थिर झाल्यावर थोडा वेळ थांबून परत जोडतो. माझं स्पष्ट मत आहे की ग्रामीण आणि निमशहरी भागातल्या ऑफिसाने नवा प्रिंटर घेण्याआधी हे उपकरण बसवावं.

वीज गेली की यंत्रांचे स्विच बंद करायची सवयही लावून घ्यावी. वीज परत येते त्या क्षणी आजूबाजूच्या सगळ्या मोटारी, फ्रिज, एसी एकदम सुरू होतात आणि दाब खाली-वर उसळतो. पाच-दहा मिनिटं थांबून एकेक यंत्र सुरू करा. रांगेतल्या लोकांना तेवढा वेळ थांबायला सांगता येतं.

आकाशातली वीज

मराठवाड्यात आणि विदर्भात एप्रिल ते जून, आणि पुन्हा परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये विजा जास्त. वीज इमारतीवरच पडायला हवी असं नाही. काहीशे मीटरवर पडली तरी लांब पसरलेल्या प्रत्येक तारेत क्षणभर दाब उसळतो. विजेची लाइन, टेलिफोनची तार, गच्चीवरच्या सीसीटीव्हीची केबल, समोरच्या इमारतीत नेलेली लॅन केबल, या सगळ्या आत यायच्या वाटा आहेत. लोक विजेचा प्लग काढतात आणि लॅनची केबल तशीच ठेवतात. मग एसएमपीएस शाबूत राहतो, पण राउटर, स्विच आणि एका ओळीतल्या चार संगणकांची नेटवर्क पोर्टं एकदम जातात.

दोन इमारती जोडायच्या असतील तर तांब्याची लॅन केबल ओढू नका, फायबर ओढा. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. मात्र फायबरच्या आवरणात आधारासाठी लोखंडी तार असेल तर तिचं टोक यंत्रापर्यंत आणू नये. फायबरच्या डब्याचा अडॅप्टर विजेवरच चालतो, तेव्हा तोही काढायचा.

मेन बोर्डात बसवायचं सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, वायरमनच्या बोलीत एसपीडी, आता सहज मिळतं. साधारण ऑफिसला टाइप २ चालतं. इमारतीवर तडितरक्षक बसवलेला असेल, किंवा उघड्या माळावरून वरच्या तारांनी वीज येत असेल, तर टाइप १ आणि २ एकत्र असलेलं घ्यावं. ते बसवताना एका गोष्टीकडे स्वतः उभं राहून लक्ष द्या : एसपीडीपासून अर्थच्या पट्टीपर्यंतची तार आखूड हवी, अर्ध्या मीटरच्या आत, आणि सरळ. वायरमन सवयीने ती वळणं देऊन, सुबक गुंडाळून बसवतो. विजेचा लोंढा इतका झटक्याने येतो की त्या वळणांतच अडतो आणि यंत्रांकडे वळतो. एसपीडीवर एक छोटी खिडकी असते. हिरवी आहे तोवर ते जिवंत आहे. लाल झाली की आतला भाग बदलायचा. दर महिन्याला एकदा कोणीतरी ती खिडकी बघून तारीख लिहून ठेवावी.

तरीही सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे : प्लग भिंतीतून काढून ठेवणे. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विचच्या आतली फट काही मिलिमीटरची असते आणि वीज आकाशातून किलोमीटरभर उडी मारून आलेली असते. मेच्या मध्यापासून रोज संध्याकाळी ऑफिस बंद करताना प्लग आणि लॅन दोन्ही काढून निघावं. विजा कडाडायला लागल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका. त्याआधीच कळावं म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप निदान दोघांच्या फोनवर ठेवा. जवळपास वीज पडत असल्याची सूचना ते देतं.

यूपीएस कशासाठी

यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी आहे, असं अनेकांना वाटतं. छोट्या यूपीएसचं खरं काम एवढंच की फाइल नीट बंद करून संगणक शांतपणे बंद करता यावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार घेतो आणि नवी बॅटरी एका डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देते. त्याच्यावर लेझर प्रिंटर लावला तर तेवढंही नाही. त्या प्रिंटरमधला कागद तापवणारा रूळ सुरू होताना एवढी वीज ओढतो की यूपीएस चिरकून बंद पडतो आणि सोबत संगणकही. प्रिंटर नेहमी थेट सॉकेटवर.

बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकरच. एप्रिलमध्ये एकदा, सगळ्यांना आधी सांगून, चालू संगणकावर यूपीएसचा प्लग काढून बघा. दोन मिनिटंही टिकला नाही तर बॅटरी बदला. फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाहेर काढा. सर्व्हर किंवा मुख्य हिशेबाचा संगणक असेल तिथे ऑनलाइन प्रकारचा यूपीएस घ्यावा. त्यात यंत्राला मिळणारी वीज सतत नव्याने तयार होऊन येते, त्यामुळे बाहेरच्या लहानसहान उसळ्या आत पोचत नाहीत.

यूपीएस मिनिटांसाठी असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि रायगडातल्या, दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. मोबाइलचे मनोरेही बंद पडले होते. किनारपट्टीवरच्या ऑफिसाने म्हणून दोन-तीन आठवड्यांचा कागदी कारभार डोक्यात धरावा. पावतीपुस्तकं, कोरे अर्ज, सभासदांच्या शिल्लक रकमांची मेअखेरची छापील यादी, महत्त्वाचे फोन नंबर हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेलं असावं. इंटरनेट नसताना क्लाउडमधली प्रत असून नसल्यासारखी असते.

पाणी

पुराच्या तयारीत पहिला प्रश्न वेळेचा. तुमच्या गावात पाणी सांगून येतं की न सांगता?

सांगली-कोल्हापुरात ते सांगून येतं. पावसाचं आणि धरणांतून सोडलेलं पाणी यायला वेळ लागतो, आणि पातळी तासातासाला जाहीर होते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. ऑफिसच्या भिंतीवर एक कागद लावा : पातळी किती फूट झाली की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येतं, किती झाली की उंबऱ्याशी. शेजारच्या जुन्या दुकानदाराला हे नेमकं ठाऊक असतं. सामान हलवायचं ते इशारा पातळीला. धोका पातळीला रस्ताच राहत नाही. जुन्या पुराच्या खुणेवर मात्र विसंबू नका. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विनपाशी ५७ फुटांच्या वर गेली आणि पंचगंगा राजारामपाशी ५५ च्या वर. २००५ ची खूण डोळ्यापुढे ठेवून ज्यांनी सामान त्याच्या थोडं वर चढवलं होतं, त्यांचं ते सामान बुडालं.

काही ठिकाणी मात्र पाणी न सांगता येतं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. अशा ठिकाणी ‘हलवू या’ म्हणायला वेळच मिळत नाही. चिपळुणात मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकत्र आली की काही तासांत सगळं बदलतं. तिथे संगणकाची रोजची जागाच उंचावर हवी.

ती जागा अशी करता येते. डेस्कटॉपची पेटी टेबलावर, किंवा टेबलाखालीच ठेवायची असेल तर फरशीपासून निदान गुडघाभर उंच पक्क्या लोखंडी स्टँडवर. राउटर, स्विच आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर भिंतीवर डोक्याच्या उंचीला. यूपीएस जड असतो म्हणून तो सर्रास जमिनीवर असतो. त्यालाही स्टँड करा. सॉकेट टेबलाच्या उंचीला घ्या, आणि खालच्या सॉकेटांची लाइन वेगळ्या एमसीबीवर, म्हणजे पाणी फरशीवर आलं तर तेवढीच बंद करता येईल. वर मजला असेल तर सर्व्हर तिथे. तळघरात सर्व्हर ठेवणं मला समर्थनीय वाटत नाही, मग तिथे कितीही गार असो.

पूररेषेच्या आसपास ऑफिस असेल आणि नवी खरेदी करायची असेल, तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्या, किंवा स्क्रीनच्या पाठीला अडकवता येतात ते छोटे संगणक. थोडे महाग पडतात. पण एक माणूस दोन लॅपटॉप पिशवीत घालून जिना चढू शकतो.

आणि हलवायचं कोणी? ‘सगळ्यांनी मिळून’ असं ठरवलं की कोणीच हलवत नाही. नावं लिहा. घट्ट झाकणाचा एक प्लॅस्टिकचा क्रेट ऑफिसात कायम रिकामा ठेवा. त्यात पहिल्या फेरीत काय जाईल ते ठरलेलं असू द्या : बॅकअपच्या डिस्क, डिजिटल सहीचे डोंगल, हिशेबाचा मुख्य संगणक, मग राउटर. स्क्रीन आणि कीबोर्ड शेवटी. ते नव्याने मिळतात. डोंगल आवर्जून सांगतोय. पूर ओसरल्यावर विवरणपत्र भरायला, निविदा उघडायला, ग्रामपंचायतीचा दाखला द्यायला तेच लागतं, आणि ते ड्रॉवरमध्ये विसरलं जातं. वायरी काढण्याआधी मोबाइलवर संगणकाच्या पाठीचा फोटो काढून ठेवा, जोडणी पुन्हा करायला तो उपयोगी पडतो.

वादळाच्या आणि गळक्या छपराच्या भागात ऑफिस बंद करताना संगणकांवर प्लॅस्टिकचा जाड कागद टाकायची पद्धत चांगली आहे, फक्त यंत्र बंद करून गार झाल्यावरच टाकावा. भूकंपासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. पण कोयनेने १९६७ ला आणि किल्लारीने १९९३ ला जे दाखवलं ते लक्षात ठेवून उंच रॅक आणि कपाटं भिंतीला बोल्टने आवळावीत, आणि माणूस बसतो त्या डोक्यावरच्या फळीवर यूपीएस ठेवू नये.

दुसरी प्रत, दुसऱ्या गावात

यंत्र विम्यातून परत येईल. सभासदांची खाती विम्यातून येत नाहीत. जीएसटी कायद्याने हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. म्हणून मूळ माहितीशिवाय निदान दोन प्रती हव्यात, आणि त्यातली एक ऑफिसच्या इमारतीबाहेर.

बाहेर म्हणजे पलीकडच्या गल्लीत नव्हे. पेढीचं ऑफिस आणि मालकाचं घर एकाच नदीकाठी असेल तर दोन्ही एका रात्रीत बुडतात. सांगलीच्या ऑफिसची डिस्क मिरजेच्या उंच भागातल्या भागीदाराकडे, चिपळूणची साताऱ्याला शिकणाऱ्या मुलीकडे, अशी काही सोय प्रत्येकाला करता येते. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या आणि दर शुक्रवारी अदलाबदल करा. काम झालं की डिस्क संगणकातून काढलीच पाहिजे. कायम जोडून ठेवलेली डिस्क दाबाच्या उसळीत संगणकाबरोबरच जाते, आणि खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो तिच्यातल्या फाइलीही कुलूपबंद करतो. जोडीला क्लाउडवरची प्रत ठेवा. एकट्या क्लाउडवर किंवा एकट्या डिस्कवर भिस्त नको. सभासद-रुग्णांची माहिती बाहेर जाते, म्हणून डिस्कला पासवर्ड लावूनच ती द्या.

पासवर्ड मात्र एकाच माणसाच्या डोक्यात नको. पुरात तो माणूस कुठे अडकेल सांगता येत नाही. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, सहीनिशी, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा संस्थेच्या अध्यक्षांकडे ठेवा. क्लाउडचा ओटीपी कोणत्या सिमवर येतो तेही त्यात लिहा.

बॅकअप घेतला जातो, उघडून कोणी बघत नाही. मे महिन्यात एक दिवस काढा. दुसऱ्याच संगणकावर डिस्क लावून गेल्या महिन्याचं खातं उघडा, एका सभासदाची शिल्लक आणि मूळ नोंद ताडून बघा. हे जमलं तरच तुमच्याकडे प्रत आहे असं म्हणता येईल.

विमा

आगीचा विमा आहे म्हणजे सगळं आलं, असं धरू नका. त्यात पूर आणि वादळ सहसा असतं, पण दाब वाढून यंत्र जळालं तर दावा विद्युत बिघाड म्हणून नाकारला जातो. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा वेगळा विमा असतो. त्यात माहिती पुन्हा मिळवण्याचा खर्च जोडून घेता येतो का, हे विचारून घ्या. रक्कम ठरवताना जुन्या यंत्राची आजची किंमत धरू नका. नवं घ्यायला जे लागेल ते धरा. प्रत्येक यंत्राचा सिरियल नंबर, बिल आणि जागेवरचा फोटो यांची एक प्रत त्या बाहेरच्या डिस्कवर जायला हवी, नाहीतर पुराव्याची फाइलही पुरात जाते.

पाणी ओसरल्यावर

इथे घाई सर्वांत महाग पडते. आत जाण्याआधी मेन बंद आहे ना ते कोरड्या जागेवरून बघा. पायाखाली पाणी असताना बोर्डाला हात लावायचा नाही. काही हलवण्याआधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि तलाठ्याचा पंचनामा होऊ द्या. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत भिजलेलं काही फेकू नका.

भिजलेला संगणक ‘चालतो का बघू’ म्हणून एकदाही सुरू करू नका. पाण्याने बिघडलेलं यंत्र बऱ्याचदा दुरुस्त होतं. ओल्यात वीज सोडलेलं होत नाही. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढून बाजूला ठेवा. हार्ड डिस्कमध्ये एकमेव प्रत असेल तर ती उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, उघडू तर मुळीच नका. आत शिरलेला गाळ वाळून तबकड्यांवर घट्ट बसला की माहिती काढणं अवघड होतं. डिस्क आहे तशी ओलसरच घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे लवकरात लवकर पोचवा. मदरबोर्ड आणि रॅम जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडून स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून कधी कधी परत मिळतात. एसएमपीएस, यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड मिळत नाहीत. त्यांचा मोह धरू नका. खाडीच्या खाऱ्या पाण्यात गेलेलं काहीही आठवड्याभरात गंजायला लागतं, तेव्हा ते आधी हातात घ्या.

भंगारवाला दुसऱ्याच दिवशी दारात येतो. त्याला पेटी देण्याआधी प्रत्येक डिस्क काढून घेतलीच पाहिजे, कारण चिखलातून निघालेल्या डिस्कवरही लोकांची आधार क्रमांकांसकट माहिती शाबूत असू शकते. बाकीचं सामान ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावं.

वीज परत जोडण्याआधी वायरमनकडून भिंतीतल्या वायरिंगची मेगरने तपासणी करून घ्या, पाण्याखाली गेलेले सगळे सॉकेट आणि एमसीबी बदला, आणि अर्थिंगचा आकडा पुन्हा घ्या. पहिल्या दिवशी एकच संगणक, नव्या यूपीएसवर, प्रोटेक्टरवरचा व्होल्टेजचा आकडा बघून सुरू करा. तो दिवसभर नीट चालला की दुसऱ्या दिवशी बाकीचे.